फंक्शनल भाषा सीमध्ये उतरवली, तरी हळू का चालते?

प्रश्न थोडक्यात असा: एमएलच्या (फंक्शनल भाषांच्या एका जुन्या कुळाच्या) वळणाची एक छोटी, स्ट्रिक्ट (अर्ग्युमेंटची किंमत कॉलआधीच काढणारी) भाषा तयार आहे. पार्सर झाला, टाईप इन्फरन्स (टाईप आपोआप ओळखणे) झाला, आता कंपायलर सी कोड काढतो आणि जीसीसी हा सीचा कंपायलर तो -ओ३ (जोरदार ऑप्टिमायझेशन) लावून बांधतो. तरीही तोच अल्गोरिदम हाताने सीमध्ये लिहिला तर कितीतरी पट वेगाने धावतो. मग सी सोडून एलएलव्हीएमकडे (मशीन कोड बनवणाऱ्या तयार साधनसंचाकडे) जावे का?

नको, निदान एवढ्यात नको. आज जीसीसीच्या हाती जे पडते तेच उद्या एलएलव्हीएमच्या हाती पडेल. कोणते फंक्शन बोलावले जातेय, त्याला किती अर्ग्युमेंट लागतात, हा पॉइंटर आकड्याचा आहे की यादीचा, हा ऑब्जेक्ट एकदा भरल्यावर पुन्हा बदलणार आहे का, हे सगळे तुमच्या कंपायलरला माहीत असते. सीमध्ये उतरल्यावर त्यातले काही उरत नाही. उरतात व्हॉइड पॉइंटर, कास्ट आणि फंक्शन पॉइंटरमधून मारलेल्या उड्या. वेग मिळवायचा असेल तर ही माहिती हातात असतानाच वापरून संपवावी लागते. खालच्या पातळीवर उतरणे हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा टप्पा.

जीएचसीचा, म्हणजे हॅस्केलच्या मुख्य कंपायलरचा, इतिहास इथे उपयोगी आहे. तो कित्येक वर्षे सीमधूनच मशीन कोडकडे जात होता. जीसीसीने प्रत्येक फंक्शनला लावलेले प्रोलॉग-एपिलॉग (सुरुवातीचा आणि शेवटचा ठरावीक कोड) खरवडून काढायला आणि माहितीची टेबले कोडला चिकटून बसवायला त्यांनी एक पर्ल स्क्रिप्ट ठेवली होती. तिचे नावच 'ईव्हिल मँगलर'. पुढे त्यांचा स्वतःचा नेटिव्ह कोड जनरेटर आला, २०१० मध्ये एलएलव्हीएम बॅकएंडही आला. आकडेमोडीच्या घट्ट लूपमध्ये एलएलव्हीएमचा फायदा दिसला, बाकी बहुतेक प्रोग्रॅमना विशेष फरक पडला नाही. एक्स८६वर आजही डीफॉल्ट नेटिव्ह जनरेटरच आहे. इद्रिस या फंक्शनल भाषेचे उदाहरण तर याहून बोलके. पहिले इद्रिस सी कोड काढायचे. इद्रिस २ शे स्कीममध्ये उतरते, म्हणजे चक्क वरच्या पातळीच्या भाषेत, आणि तरी ते जास्त वेगाने चालते. क्लोजर (फंक्शन आणि त्याला लागणाऱ्या बाहेरच्या किमतींचे गाठोडे), टेल कॉल (फंक्शनचे शेवटचे काम म्हणून केलेला कॉल) आणि गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी परत मिळवणे, थोडक्यात जीसी) कसे हाताळायचे हे शे स्कीमच्या कंपायलरला पक्के ठाऊक आहे, हे त्याचे मोठे कारण.

आता खर्च नेमका कुठे होतो ते पाहू. एकपासून एक कोटीपर्यंतच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज घ्या (मॅप यादीतल्या प्रत्येक आकड्याला फंक्शन लावतो, फोल्ड सगळे एका किमतीत जमवतो):

फोल्ड (फन जमा क्ष -> जमा + क्ष) ० (मॅप (फन क्ष -> क्ष * क्ष) (रेंज १ न))

सरळसोट कंपायलर याचे काय करतो? रेंज एक यादी बनवते. ६४ बिटवर यादीचा एक दुवा म्हणजे हेडर, डोके आणि शेपूट, एकूण २४ बाइट. आकडा बॉक्स केलेला, म्हणजे हीपवर (मागेल तेव्हा मिळणाऱ्या मेमरीत) वेगळ्या डब्यात ठेवलेला, असेल तर हेडर आणि किंमत मिळून आणखी १६. मॅप तेवढेच सगळे पुन्हा बनवतो. फोल्डमधली प्रत्येक नवी जमा म्हणजे आणखी एक १६ बाइटचा डबा. दर आकड्यामागे ९६ बाइट, एक कोटीला ९६० एमबी. त्यावर दर आकड्यामागे दोन अनोळखी कॉल, म्हणजे क्लोजरमधून कोडचा पॉइंटर वाचून मारलेली उडी. अशा उडीपलीकडे जीसीसीला काही दिसत नाही, म्हणून तो इनलाइन करत नाही (फंक्शनचा कोड जागेवर उतरवत नाही), व्हेक्टराइझ करत नाही (एका सूचनेत अनेक आकडे हाताळत नाही), कॉलभोवती रजिस्टरही मोकळी सोडावी लागतात. आणि ही वाटणी मॅलॉकने, म्हणजे सीच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनने, होत असेल तर बोलायलाच नको: ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक २४ बाइट मागितले तरी ३२ खर्च करतो, शिवाय फ्री लिस्ट सांभाळतो.

शिवाय मॅप टेल रिकर्सिव्ह नाही, म्हणजे त्याचा स्वतःला केलेला कॉल हे त्याचे शेवटचे काम नसते. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी. एका फ्रेमला ४८ बाइट धरले तरी पावणेदोन लाख कॉलच्या आत सेगफॉल्ट. ओकॅमल या एमएल कुळातल्या भाषेने ४.१४ आवृत्तीत यावर 'टेल मॉड्युलो कॉन्स' हे रूपांतर आणले: दुवा आधी बनवायचा, त्याची शेपूट रिकामी ठेवायची, आणि ती भरण्याचा पत्ता पुढच्या फेरीला द्यायचा. ५.१ पासून तिथला स्टँडर्ड लायब्ररीतला मॅप असाच चालतो. हे रूपांतर लिहायला फारसे अवघड नाही आणि तुमच्या भाषेत पहिल्या दिवसापासून असावे. एकच जपायचे: नवा दुवा जुन्या पिढीत (जीसीने टिकाऊ म्हणून हलवलेल्या मेमरीत) गेल्यानंतर शेपूट भरली गेली, तर तिथे राइट बॅरिअर (त्या बदलाची जीसीसाठी नोंद ठेवणारा कोड) लागतो.

इंटरमीडिएट रूप

सिंटॅक्स ट्रीवरून थेट सी काढत असाल तर आधी ते थांबवा. मध्ये एक असे रूप हवे जिथे प्रत्येक मधल्या किमतीला नाव आहे आणि क्रम ठरलेला आहे. गाय स्टीलच्या १९७८ च्या रॅबिट कंपायलरपासून एसएमएल ऑफ न्यू जर्सीपर्यंत अनेकांनी त्यासाठी कंटिन्युएशन पासिंग (पुढे काय करायचे तेही फंक्शनच्या रूपात अर्ग्युमेंट म्हणून देणे) वापरले. १९९३ मध्ये फ्लॅनगन, साब्री, ड्युबा आणि फेलायझन यांनी दाखवले की त्यातला बराचसा फायदा ए-नॉर्मल फॉर्म नावाच्या साध्या रूपातही मिळतो. तुम्हाला सी काढायचा आहे, म्हणून मी ए-नॉर्मल फॉर्मच सुचवेन, पण जॉइन पॉइंटसह.

जॉइन पॉइंट न ठेवल्यास काय बिघडते ते पाहा. 'जर (अ आणि ब) तर क नाहीतर ड' सोडवताना ड दोन ठिकाणी लागतो. त्याची नक्कल केली तर मोठ्या प्रोग्रॅममध्ये कोड बेसुमार फुगतो. त्याला स्थानिक फंक्शन केले तर पुढचा टप्पा त्याचे क्लोजर हीपवर बनवतो, म्हणजे एका साध्या शर्तीसाठी मेमरी खर्च. जॉइन पॉइंट म्हणजे असे स्थानिक फंक्शन, जे नेहमी टेल जागेवरूनच बोलावले जाते आणि कुठेही साठवले जात नाही. सीमध्ये ते निव्वळ लेबल आणि गोटू होते. अट एकच: प्रत्येक ऑप्टिमायझेशनने त्याचे हे जॉइन पॉइंटपण टिकवले पाहिजे. जीएचसीमध्येही हे भान २०१७ मध्ये, ८.२ आवृत्तीत, पुरते आले. नंतर जोडायला गेलात तर सगळे पास पुन्हा तपासावे लागतात, म्हणून सुरुवातीलाच घ्या.

पॅटर्न मॅचिंगचे (किमतीच्या आकारावरून शाखा निवडण्याचे) या टप्प्याआधी डिसिजन ट्री (एकेक तपासणीचे झाड) करून टाका. सीचा स्विच त्यातून छान उतरतो. त्यावर जास्त वेळ घालवू नका.

अनोळखी कॉल ओळखीचे करणे

माझ्या मते सगळ्यात जास्त वेग इथे दडलेला असतो. तीन पायऱ्या.

पहिली एरिटीची, म्हणजे फंक्शनला किती अर्ग्युमेंट लागतात त्याची. करी केलेल्या भाषेत तीन अर्ग्युमेंटचे फंक्शन कागदावर एकेक अर्ग्युमेंट घेते. तसाच कोड काढला तर एका कॉलमागे दोन फुकटची क्लोजर बनतात. व्याख्या डोळ्यासमोर असलेल्या फंक्शनला पूर्ण अर्ग्युमेंट मिळत असतील तर सरळ सीचा तीन अर्ग्युमेंटचा कॉल काढा. उरलेल्या खरोखर अनोळखी कॉलसाठी क्लोजरमध्ये एरिटी साठवा आणि बोलावणाऱ्याने ती तपासावी. बरोबर जुळली तर थेट उडी. अर्ग्युमेंट कमी पडली तर ती धरून ठेवणारा 'अर्धवट कॉल'चा ऑब्जेक्ट. जास्त असली तर आधी एरिटीएवढी देऊन, आलेल्या फंक्शनला उरलेली द्यायची. यालाच इव्हॅल-अप्लाय म्हणतात. मार्लो आणि पेटन जोन्स यांनी २००४ मध्ये त्याची पुश-एंटरशी (अर्ग्युमेंट किती ते बोलावलेल्या फंक्शननेच तपासण्याच्या पद्धतीशी) तुलना केली, आणि जीएचसीही इव्हॅल-अप्लायवर गेले. एक ते चार-पाच अर्ग्युमेंटपर्यंतची अप्लाय फंक्शने एका छोट्या स्क्रिप्टने काढून रनटाइममध्ये ठेवली की झाले.

दुसरी पायरी स्पेशलायझेशनची. फोल्ड स्वतः रिकर्सिव्ह आहे, म्हणून साधा इनलायनर त्याला हात लावत नाही, आणि त्याला दिलेले लॅम्डा (बिननावाचे फंक्शन) शेवटपर्यंत अनोळखीच राहते. पण फोल्डचे पहिले अर्ग्युमेंट रिकर्शनमध्ये कधी बदलतच नाही. मग त्याची व्याख्या अशी फिरवा:

फोल्ड फ जमा० यादी० =
  लेट रेक फेरी जमा यादी =
    यादी रिकामी असेल तर जमा
    नाहीतर फेरी (फ जमा (डोके यादी)) (शेपूट यादी)
  इन फेरी जमा० यादी०

आता बाहेरचे फोल्ड रिकर्सिव्ह नाही. ते जागेवर इनलाइन होते, 'फ' म्हणजे कोणते लॅम्डा हे तिथे दिसते, तेही आत विरघळते आणि उरतो तो एक साधा लूप. जीएचसीच्या लायब्ररीत फोल्डसारखी फंक्शने मुद्दाम याच वळणाने लिहिलेली असतात. ओकॅमलमध्ये हे काम फ्लॅम्डा (त्याचा पर्यायी ऑप्टिमायझर) करते. ते २०१६ साली ४.०३ मध्ये आले आणि कंपायलर बांधतानाच निवडावे लागते. साध्या ओकॅमलला दिलेला -ओ३ गुपचूप दुर्लक्षिला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जिथे फंक्शनचे अर्ग्युमेंट फेरीगणिक बदलते तिथे हे रूपांतर उलट महाग पडते, कारण आतली फेरी बाहेरच्या व्हेरिएबलना धरून ठेवते आणि तिचे क्लोजर बनू शकते. तेव्हा न बदलणाऱ्या अर्ग्युमेंटमध्ये एखादे फंक्शन असेल तरच करा. नुसत्या आकड्यासाठी नको.

तिसरी पायरी मोनोमॉर्फायझेशनची: पॉलिमॉर्फिक (अनेक टाईपना चालणाऱ्या) फंक्शनची प्रत्येक वापरलेल्या टाईपसाठी वेगळी प्रत. एमएलटन हा स्टँडर्ड एमएलचा कंपायलर सगळा प्रोग्रॅम एकदम घेऊन हेच करतो, आणि पुढे क्लोजरही टाईप केलेल्या फर्स्ट-ऑर्डर (फंक्शने किमती म्हणून न फिरवणाऱ्या) कोडमध्ये बदलतो: कोणत्या जागी कोणती फंक्शने पोहोचू शकतात हे फ्लो ॲनालिसिसने काढायचे, प्रत्येकाला डेटाटाईपचा एक कन्स्ट्रक्टर द्यायचा, आणि अनोळखी कॉल म्हणजे त्यावरचा स्विच. ही डीफंक्शनलायझेशनची कल्पना रेनॉल्ड्सची, १९७२ ची. तुमची भाषा छोटी आहे आणि लायब्ररी वेगळ्या कंपाइल करण्याची गरज अजून नाही. तेव्हा सगळा प्रोग्रॅम एकदम घेण्याची चैन जरूर करा. अडचण दोन ठिकाणी येते. पॉलिमॉर्फिक रिकर्शनला (फंक्शनने स्वतःला वेगळ्या टाईपवर बोलावण्याला) परवानगी असेल तर प्रती कधी संपतच नाहीत, त्यामुळे ती भाषेतूनच वगळा किंवा तेवढ्यापुरते बॉक्स केलेले रूप ठेवा. दुसरे, कंपाइलचा वेळ वाढतो. विकास करताना चालवायला वेगळा, झटपट बायटकोडचा मार्ग ठेवलेला बरा.

या पायऱ्यांनंतरच क्लोजर कन्व्हर्जन (लॅम्डाचे साधे फंक्शन आणि किमतींचे रेकॉर्ड करणे) करा. आधी केलेत तर लॅम्डाचे रेकॉर्ड होते आणि इनलायनर आंधळा होतो. जे स्थानिक फंक्शन कुठे साठवले जात नाही, परत दिले जात नाही, फक्त ओळखीच्या जागांवरून बोलावले जाते, त्याला क्लोजर नकोच. त्याची फ्री (बाहेरून येणारी) व्हेरिएबल जादा अर्ग्युमेंट म्हणून द्या. बाकीच्यांना सपाट क्लोजर द्या, म्हणजे लागणाऱ्या किमती थेट त्यातच. बाहेरच्या फ्रेमकडे बोट दाखवणारी साखळी बनवायला सोपी असते, पण एका छोट्या आकड्यासाठी ती भलीमोठी यादी जिवंत ठेवते, आणि असली मेमरीगळती प्रोफायलरमध्येही पटकन सापडत नाही.

आकडे, डबे आणि मधल्या याद्या

बॉक्स केलेले पूर्णांक ताबडतोब बंद करा. ओकॅमलची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे: पॉइंटरचा शेवटचा बिट शून्य असतोच, म्हणून पूर्णांक न हा २न+१ असा ठेवायचा. हीपवर काही बनत नाही, जीसीला एका बिटवरून फरक कळतो, आणि पूर्णांक ६३ बिटचा होतो. बेरीज म्हणजे अ+ब-१, वजाबाकी अ-ब+१, गुणाकार (अ-१)×(ब>>१)+१. तुलना तशीच्या तशी चालते. रिकामी यादी, खरे-खोटे असे बिनअर्ग्युमेंटचे कन्स्ट्रक्टरही याच पद्धतीने तात्काळ किमती करा.

एवढ्यावर थांबू नका. फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये पूर्णांक टॅगशिवाय ठेवा; हीपमध्ये लिहिताना किंवा अनोळखी कॉलला देतानाच टॅग लावा. लूपमधला मोजणी करणारा आकडा मग शुद्ध रजिस्टरमध्ये राहतो. फ्लोटिंग पॉइंट आणि जोड्या यांच्यासाठी वर्कर-रॅपर विभागणी वापरा: खरे काम करणारे वर्कर उघड्या किमती घेते आणि देते, रॅपर फक्त डबे उघडतो आणि बंद करतो. रॅपर नेहमी इनलाइन करायचा, म्हणजे लागोपाठचे बंद-उघड एकमेकांना खाऊन टाकतात. रिकर्सिव्ह कॉल वर्करमधून वर्करलाच जातो आहे ना, एवढे काढलेल्या कोडमध्ये डोळ्यांनी तपासा. नाही गेला तर सगळा खटाटोप वाया.

मधल्या याद्या घालवण्यासाठी फ्यूजन, म्हणजे लागोपाठची फंक्शने एकाच लूपमध्ये विरघळवणे. गिल, लाँचबरी आणि पेटन जोन्स यांची १९९३ ची फोल्ड-आर/बिल्ड (उजवीकडून फोल्ड आणि यादी बनवणारे बिल्ड) पद्धत एका नियमावर चालते. फोल्ड डावीकडून असेल आणि झिपही (दोन याद्या जोडीने चालवणे) हवे असेल तर २००७ ची स्ट्रीम फ्यूजन बरी पडते. वरच्या उदाहरणात ती लागली की रेंज, मॅप, फोल्ड मिळून एक लूप उरतो आणि ९६० एमबी शून्यावर येते. पण तुमची भाषा स्ट्रिक्ट आहे आणि साइड इफेक्टला मुभा असेल तर इथे सापळा आहे. 'मॅप फ' नंतर 'मॅप ग' याचा अर्थ आधी सगळे फ, मग सगळे ग. फ्यूजननंतर ते एकाआड एक चालतात. दोन्ही छापत असतील तर छापण्याचा क्रम बदलतो. फ एक्सेप्शन टाकत असेल तर तोवर काही ग होऊन गेलेले असतात. म्हणून फंक्शन शुद्ध आहे हे सिद्ध झाल्याशिवाय फ्यूजन करू नका. अगदी ढोबळ इफेक्ट ॲनालिसिसही बराच काळ पुरते.

तुमची भाषा लेझी (किंमत लागेल तेव्हाच काढणारी) असती तर याआधी आणखी एक मोठा अध्याय आला असता: थंक (पुढे ढकललेले काम), स्ट्रिक्टनेस ॲनालिसिस, अपडेट. स्ट्रिक्ट भाषा निवडलीत, ते काम वाचले.

सीमध्ये उतरवताना

आता शेवटचा टप्पा. इथल्या चुका लहान दिसतात, पण वेग चांगलाच खातात.

टेल कॉल. स्वतःलाच केलेला टेल कॉल म्हणजे अर्ग्युमेंट बदलून गोटू. एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांचा गट एका सी फंक्शनमध्ये लेबलांसह बसवा. बाकीच्यांसाठी जीसीसी -ओ२ पासून सिबलिंग कॉलचे ऑप्टिमायझेशन (टेल कॉलचे साध्या उडीत रूपांतर) करतो, पण हमी देत नाही. स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता बाहेर गेला असेल, किंवा बोलावलेल्या फंक्शनची स्टॅकवर जाणारी अर्ग्युमेंट बोलावणाऱ्याहून जास्त असतील, तर तो मुकाट्याने साधा कॉल काढतो आणि दहा लाखाव्या फेरीला स्टॅक फुटतो. क्लँग (एलएलव्हीएमवरचा सी कंपायलर) १३ पासून आणि जीसीसी १५ पासून मस्टटेल हे ॲट्रिब्यूट आहे. जमत नसेल तर कंपाइललाच एरर येते. क्लँगला त्यासाठी दोन्ही फंक्शनची सही (अर्ग्युमेंट आणि निकालाचे टाईप) सारखी लागते, म्हणून सगळ्या अनोळखी कॉलची सही एकच ठरवून टाका. ट्रॅम्पोलिन (पुढचे फंक्शन कोणते ते परत देऊन एका लूपने ते बोलावणे) हा सगळीकडे चालणारा उपाय आहे, पण दर कॉलमागे परत येणे आणि पुन्हा उडी मारणे महाग पडते. चिकन स्कीमने हेन्री बेकरची युक्ती वापरली: फंक्शने कधी परतच येत नाहीत, सीचा स्टॅक हाच नवजात ऑब्जेक्टचा हीप, आणि तो भरला की जिवंत तेवढे उचलून स्टॅक एका झटक्यात रिकामा. युक्ती देखणी आहे, पण तिच्यासाठी कंटिन्युएशन पासिंग लागते.

जीसीची मुळे. जिवंत पॉइंटर कुठे आहेत हे सीचा कंपायलर सांगत नाही. नेहमीचा मार्ग म्हणजे शॅडो स्टॅक: प्रत्येक सी फंक्शनमध्ये पॉइंटरांचा स्थानिक ॲरे आणि त्या ॲरेंची साखळी. यात त्या ॲरेचा पत्ता बाहेर जातो, आणि वर सांगितल्याप्रमाणे सिबलिंग कॉल तिथेच बंद पडतो. 'टेल कॉल अधूनमधून का लागत नाहीत' याचे उत्तर बहुतेक वेळा हेच निघते. शिवाय त्यातले व्हेरिएबल रजिस्टरमध्ये राहू शकत नाही. त्यापेक्षा एक वेगळा मोठा ॲरे हाच मूल्यांचा स्टॅक करा. जीसी घडवू शकणाऱ्या कॉलच्या आधी, त्या कॉलनंतरही लागणारे पॉइंटर तेवढेच त्यावर लिहा आणि नंतर परत वाचा. कोणते लागणार हे ए-नॉर्मल फॉर्मवर लाइव्हनेस काढून सहज कळते. जे फंक्शन मेमरी वाटतच नाही, आणि ज्यांना बोलावते तीही वाटत नाहीत, त्याला यातले काही नको. हा गट मोठा असतो, म्हणून आधी तो शोधून वेगळा करा.

बोहमचा कंझर्वेटिव्ह (पॉइंटरसारखे दिसेल ते पॉइंटर मानणारा) कलेक्टर दोन तासांत जोडता येतो आणि पहिल्या आवृत्तीला चालेल. पण तो ऑब्जेक्ट हलवत नाही, त्यामुळे पॉइंटर नुसता सरकवून मेमरी देता येत नाही, आणि फंक्शनल प्रोग्रॅम तर छोट्या ऑब्जेक्टवरच जगतात.

मेमरी वाटप. हीप पॉइंटर पुढे सरकवा, मर्यादेशी तुलना करा, बस्स. ओकॅमलचा छोटा हीप मुळात २,५६,००० च्या आसपास शब्दांचा असतो, ६४ बिटवर २ एमबी. कॅशेच्या मापाने तेवढ्यापासूनच सुरुवात करा. पुढच्या कॉलपर्यंत त्या वाटेवर होणारी सगळी वाटपे जोडून एकच तपासणी करा. मात्र जी शाखा काहीच वाटत नाही तिच्यावर ती लादू नका. तपासणी शर्तीच्या आत, शाखेच्या सुरुवातीला ठेवा.

यात एक बारीक गोष्ट नेहमी निसटते. हीप पॉइंटर ग्लोबल व्हेरिएबल असेल तर हीपमध्ये केलेल्या प्रत्येक लेखनानंतर सीचा कंपायलर तो पुन्हा मेमरीतून वाचतो, कारण ते लेखन त्या ग्लोबलवरच पडले नसेल याची त्याला खात्री नसते. हीप पॉइंटर अर्ग्युमेंट म्हणून द्या आणि निकालासोबत परत घ्या. दोन शब्दांचे स्ट्रक्चर एक्स८६-६४ लिनक्सवर आरएएक्स आणि आरडीएक्स या रजिस्टरांमधून परत येते, मेमरीला स्पर्शही न होता.

स्ट्रिक्ट एलिअसिंग (वेगळ्या टाईपचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत हे गृहीत) बंद ठेवा, कारण एकाच शब्दाकडे कधी पूर्णांक तर कधी पॉइंटर म्हणून पाहणे सीच्या नियमांत बसत नाही. टॅगची आकडेमोड अनसाइन्ड टाईपमध्ये करा. साइन्ड ओव्हरफ्लो आणि ऋण आकड्याचे डावे शिफ्ट दोन्ही सीमध्ये अनिश्चित आहेत, आणि -ओ०ला बरोबर चालणारा प्रोग्रॅम -ओ२ला चुकीचे उत्तर देऊ लागतो. काढलेले प्रत्येक फंक्शन स्टॅटिक करा. आणि हजारो ओळींचे एकच सी फंक्शन काढू नका. जीसीसी त्यावर मिनिटेच्या मिनिटे घालवतो.

मुळांची सगळी भानगडच टाळायची असेल तर रेफरन्स काउंटिंगचा (प्रत्येक ऑब्जेक्टकडे किती पॉइंटर आहेत ते मोजत राहण्याचा) विचार करा. लीन ४ आणि कोका या दोन्ही भाषा सी कोड काढतात आणि हाच मार्ग वापरतात. कोकाची पर्सियस पद्धत २०२१ मध्ये मांडली गेली. प्रत्येक व्हेरिएबलचा शेवटचा वापर कंपायलर शोधतो, काउंट एक असेल तर जुना दुवा तिथल्या तिथे पुन्हा वापरतो, आणि मॅपसारखे फंक्शन नवी मेमरी न मागता चालते. सीचा स्टॅक चाळावा लागत नाही, हा तुमच्यासाठी मोठा फायदा. तोटे: बदलता येणारे रेफरन्स असतील तर चक्रे सुटत नाहीत, थ्रेडमध्ये वाटलेल्या ऑब्जेक्टचे काउंट ॲटॉमिक करावे लागते, आणि लांब यादी सोडताना रिकर्शन केले तर स्टॅक तिथेही फुटतो, म्हणून मोकळे करण्याचे काम लूपने करा.

मोजमाप करताना घड्याळाआधी रनटाइममध्ये एक काउंटर ठेवा: फेरीमागे किती बाइट वाटले गेले. आतला लूप शून्य बाइट वाटत नसेल तर कोणता डबा, क्लोजर किंवा दुवा उरला आहे ते इंटरमीडिएट रूपात शोधा. असेम्ब्ली वाचायची गरज अजून आलेली नाही. बाइट शून्य झाल्यावर पर्फने (लिनक्सच्या मोजमाप साधनाने) ब्रँच-मिस (उडी कुठे जाईल याचे प्रोसेसरचे चुकलेले अंदाज) पाहा. त्या जास्त असतील तर अनोळखी कॉल शिल्लक आहेत.

दोन्ही आकडे खाली आले आणि उरलेला वेळ फ्लोटच्या ॲरेवरच्या लूपमध्ये जात असेल, किंवा रजिस्टर राखून ठेवणारी स्वतःची कॉलिंग कन्व्हेन्शन हवी असेल, तेव्हा एलएलव्हीएमकडे जाण्यात अर्थ आहे. तिथेही मूल्यांचा वेगळा स्टॅक तसाच चालतो. स्टेटपॉइंटच्या (जीसीला मुळे सांगण्याच्या एलएलव्हीएमच्या स्वतःच्या सोयीच्या) मागे लगेच लागू नका. जॉइन पॉइंट लेबलाऐवजी बेसिक ब्लॉक होतील, त्यांची अर्ग्युमेंट फाय नोड (कोणत्या वाटेने आलो त्यावरून किंमत निवडणाऱ्या सूचना) होतील, आणि बाकीचा कंपायलर जागचा हलणार नाही.